मदत हवी आहे: हिच नसलेल्या हॅचबॅकवर दोन सायकली न्यायला कोणता कॅरियर?

सायकलवेडी_वाई:
गाडी हॅचबॅक. मागे टो हिच (ट्रेलर जोडायचा हुक) नाही, छताला रेलिंग नाही. डिकीच्या दारावर वरच्या बाजूला प्लास्टिकचा स्पॉइलर, काचेवर वायपर. सायकली दोन: हायब्रिड 13 किलो आणि खाली झुकलेल्या दांड्याची लेडीज सायकल 15 किलो. पुणे ते पाचगणी, पसरणी घाटाने, महिन्यातून एकदा. बजेट 15 हजार. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा, छतावरचा की व्हॅक्यूमच्या कपांनी चिकटणारा? दाराच्या पत्र्याला पोचा पडू नये एवढीच काळजी आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेलपाणी:
पट्ट्यांचाच घ्या, पण आधी डिकीचं दार उघडून वरच्या कडेवरून बोट फिरवा. हुक कुठे बसणार, यावरच सगळं ठरतं. बोटाला पत्र्याची कड लागली तर उत्तम. नुसतं प्लास्टिक किंवा काचेची कड लागली तर साधा हुक तिथे अडकवू नका. स्पीडब्रेकरवर 28 किलोचा हिसका बसला की स्पॉइलरच्या क्लिपा तुटतात. अशा दारासाठी टोकाला रबरी गुंडी असलेले चपटे पट्टे मिळतात. गुंडी आत ठेवून दार लावायचं, पट्टा फटीतून बाहेर येतो. फक्त पावसात त्या फटीतून थोडं पाणी झिरपतं. कॅरियर बनवणाऱ्याच्या यादीत तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल आहे का, ते बघूनच पैसे द्या.

बसवण्याआधी दार धुऊन पुसून घ्या. रंग जातो तो बहुतेकदा कॅरियरच्या दाराला टेकणाऱ्या पॅडखाली अडकलेल्या धुळीनं. आधी वरचे दोन पट्टे लावून कॅरियर टांगा, मग खालचे, शेवटी बाजूचे. एकच बाजू पूर्ण आवळू नका, डावं-उजवं आलटून पालटून ओढा, नाहीतर पॅड तिरका बसतो आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येऊन पोचा पडतो. नीट बसलंय का, हे कॅरियर धरून हलवल्यावर कळतं: गाडी डुलली पाहिजे, कॅरियर नाही. पट्ट्यांची उरलेली टोकं गाठ मारून बांधा. निघाल्यावर 10-15 किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, पट्टे बसून सैल होतातच.

जड सायकल आत, गाडीला लागून. दुसरीचं तोंड उलट दिशेला. काचेकडचं पेडल काढून ठेवा, 15 चा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सुटतं. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही बघा, नाहीतर घाट चढेपर्यंत रबर भाजून निघेल.

लेडीज सायकलसाठी टॉप ट्यूब अडॅप्टर लागेलच. सीटपोस्टपासून हँडलच्या स्टेमपर्यंत लागणारा हा आडवा दांडा नसेल, तर ती सायकल तिरकी लोंबकळते आणि तिचं चाक बंपरला घासतं.

गिअर_३बाय८:
छताचं म्हणाल तर रेलिंग नसलेल्या छताला आडवे बार, ते दाराच्या चौकटीत पकडणारे पाय आणि गाडीच्या मॉडेलनुसार जोडणीचं फिट किट लागतं. सायकल उभी करायचे दोन ब्रँडेड ट्रे धरून हे 15 हजारांत बसणार नाही. छताची भारमर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते आणि त्यात बार आणि ट्रेचं वजनही धरायचं असतं. दीड मीटरच्या गाडीवर उभी सायकल म्हणजे अडीच मीटरच्या वर उंची, आणि बेसमेंट पार्किंगचा आडवा बार बहुधा 2.1 मीटरवर असतो. शिवाय 15 किलो डोक्याच्या वर उचलायचे.

व्हॅक्यूमचे कप गुळगुळीत, स्वच्छ पत्र्यावर किंवा काचेवर चांगले धरतात. दोन पॅनेलच्या फटीवर किंवा सनरूफवर लावू नयेत. पंपावरची रंगीत रेघ बाहेर दिसू लागली की हवा शिरतेय असं समजायचं, म्हणजे दर थांब्याला उतरून बघणं आलं. दोन सायकली, धूळ आणि घाट असताना मी हा सुचवणार नाही.

तेलपाणी:
नंबरप्लेटचं राहिलं. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) न उघडणाऱ्या स्नॅप लॉकनं बसवलेली असते, काढून सायकलवर लावता येत नाही. सायकली चढवल्यावर दहा पावलं मागे जा, दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला आणि इंडिकेटर लावायला सांगा. प्लेट किंवा दिवे झाकले जात असतील तर कॅरियरचे हात एक खाच वर घ्या. बंपरला हुक वेल्ड करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. तो बंपर प्लास्टिकचा असतो.

सायकलवेडी_वाई:
आत्ताच बघितलं. मधे स्पॉइलर आहे, पण दोन्ही टोकांना साधारण चार बोटं पत्र्याची कड मोकळी आहे. तिथे हुक चालेल?

तेलपाणी:
चालेल, ताई. हुकाच्या आत रबर हवं आणि पट्टा स्पॉइलरवरून न जाता त्याच्या बाजूनं सरळ खाली आला पाहिजे. हुक अडकवून दार सावकाश लावून बघा. जोर लावावा लागला तर हुक जाड पडतोय, मग गुंडीवालाच घ्या. आणि सायकली चढवल्यावर दार उघडायचं नाही, त्यामुळे पंप, पंक्चर किट आणि काढलेलं पेडल मागच्या सीटवर ठेवा.