मदत हवी आहे: पायलट यशस्वी झाला, पण पुढे सगळं ठप्प

घाईगडबड
नमस्कार. आमच्याकडे शाश्वततेचा पायलट प्रोजेक्ट (छोटा प्रायोगिक उपक्रम) झाला, सहा महिने. आकडे मस्त आले, फोटो निघाले, वरिष्ठांनी मेलवर कौतुकही केलं. संपून दोन महिने झाले आणि सगळं जैसे थे. सोमवारी 'हे कायमस्वरूपी कसं करणार' यावर सादरीकरण आहे. लोकांची मानसिकता कशी बदलायची एवढंच सांगा. लवकर प्लीज.

शंकेखोर
कसला पायलट? वीज, पाणी, कचरा? किती माणसं?

घाईगडबड
त्याने काय फरक पडतो? तत्त्व सगळीकडे सारखंच ना.

शंकेखोर
डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का?

प्रिंटरवाला
मानसिकता सोडा, डिफॉल्ट बदला. आम्ही सगळ्या प्रिंटरवर दोन्ही बाजूंना छपाई हेच मूळ सेटिंग करून टाकलं. पोस्टर नाही, शपथ नाही. चार वर्षं झाली, कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

शंकेखोर
तुमचा प्रिंटर प्रत्येक धाग्यावर येतो.

घाईगडबड
बरं बाबा. ऑफिसच्या एका मजल्यावर कागदी कप बंद करून धुवून वापरायचे कप ठेवले. साठ माणसं. प्रिंटरचा काही संबंध नाही.

हिशोबनीस
कपांचा विषय निघालाच आहे तर: मार्टिन हॉकिंग या रसायनशास्त्रज्ञाने 1994 मध्ये ऊर्जेचा हिशोब मांडला होता. सिरॅमिकचा कप 39 वेळा वापरला की कागदी कपाशी बरोबरी होते, फोमच्या कपाशी व्हायला हजारावर वेळा वापरावा लागतो. तुमचे कप कशाचे?

घाईगडबड
हे मी विचारलंच नाहीये!!

कुंडीतली_माती
इथे जाणकार दिसतात म्हणून विचारते, घरच्या कंपोस्टला वास येतोय. काय करू?

प्रिंटरवाला
सुकी पानं घाला. आणि नवा धागा काढा.

दोन_शब्द
हा हॉथॉर्न इफेक्ट. 1924 ते 1932 दरम्यान शिकागोजवळच्या कारखान्यात प्रयोग झाले होते. आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे म्हटलं की माणूस नीट वागतो. लक्ष हटलं, कप परत.

हिशोबनीस
त्यातल्या, दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करून कामावर काय परिणाम होतो ते पाहणाऱ्या प्रयोगाचे मूळ आकडे नंतर पुन्हा तपासले गेले. सांगतात तेवढा ठसठशीत परिणाम निघाला नाही.

दूरचा_प्रवासी
स्टॉकहोमचं बघा. गर्दी-कराची (शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या गाड्यांवरचा कर) चाचणी 3 जानेवारी ते 31 जुलै 2006. वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली, चाचणी संपल्यावर पुन्हा बरीचशी वाढली. पण सप्टेंबरात सार्वमत ठरलेलंच होतं. ऑगस्ट 2007 पासून कर कायम. तुमच्या पायलटनंतर निर्णय कोण घेणार, कधी घेणार, हे सुरुवातीला ठरलं होतं का?

घाईगडबड
नाही. 'आधी करून तर बघू' असं ठरलं होतं.

शंकेखोर
शहराचे दाखले राहू द्या. सहा महिने कप धुतले कोणी?

घाईगडबड
मी आणि दोन सहकारी. आळीपाळीने. संध्याकाळी थांबून.

शंकेखोर
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. म्हणजे पायलट कपांचा नव्हताच, तुम्ही तिघं किती दिवस टिकता याचा होता. साठ लोकांच्या मानसिकतेला का बोल लावताय? कागदी कपांची खरेदी थांबली होती?

घाईगडबड
ते प्रशासन विभाग बघतो. आम्ही फक्त आमच्या मजल्यावरचे खोके कपाटात ठेवले होते.

प्रिंटरवाला
मी तेच म्हणतोय! कपाटात खोके असले की तोच डिफॉल्ट.

शंकेखोर
या वेळी पटलं. सोमवारी आलेख कमी दाखवा. पुरवठादाराचा करार कधी संपतो आणि धुण्याचं काम कोणाच्या कामाच्या यादीत घालायचं, या दोन गोष्टींवर होय-नाही मागा. दोन्हीला 'नाही' आलं तर पुढचे सहा महिने वाचले असं समजा.

दोन_शब्द
इतकं रुक्ष? लोकांना प्रेरणाही लागते हो.

शंकेखोर
प्रेरणेने एकदा कप विसळून होतो, रोज नाही.

घाईगडबड
प्रशासनाला आत्ता फोन केला. करार पुढच्या महिन्यात संपतोय, नव्या कराराचा मसुदा तयार आहे आणि त्यात कप आधीइतकेच. ते म्हणाले, पायलट चालू होता हे आम्हाला कुणी कळवलंच नाही. मसुदा थांबवायला सांगितलाय. धुण्याचं विचारलं तर हसले.

हिशोबनीस
पण कप कशाचे आहेत?