लसीचा दाखला मागितला तर बिघडलं कुठं?

होटगीरोडकर:
काल इथं एका भाऊंनी लिहिलं, की पुढची साथ आली तर परदेशी जाणाऱ्याकडं लसीचं प्रमाणपत्र कुणी मागताच कामा नये. कोविडात ते गोऱ्या देशांनी आपल्याला अडवायलाच काढलं होतं म्हणे, आणि दंडात काय टोचायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. खाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दाखला मागायची रीत कोविडनं आणलेली नाही. देवीचा रोग होता तोवर टोचल्याचा दाखला खिशात ठेवूनच लोक परदेशी जायचे. आणि आज आपण स्वतः काय करतो? आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फिव्हरच्या) देशातून कुणी त्या लसीच्या पिवळ्या कार्डाशिवाय मुंबईत उतरला तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतो, मग तो भारतीय का असेना. कारण पीतज्वर आपल्याकडं नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आहे. डेंगीचा तोच. आता आपल्या गावाकडं बघा. चार-पाच दिवसांआड नळ, म्हणून घरोघरी बॅरल, टाक्या, हंडे भरून ठेवलेले. आमच्या मागच्या गल्लीत पत्रा झाकलेलं एक बॅरल आहे, पत्रा सरकवला की अळ्या वळवळताना दिसतात. अशा गावात पीतज्वराचा एक माणूस आला तर काय होईल?

माझा मावसभाऊ केनियाला कामाला गेला तेव्हा लसीसाठी पुण्याला हेलपाटा घातला, तोही निघायच्या दहा दिवस आधी, कारण टोचल्यावर दहा दिवस गेल्याशिवाय कार्ड चालत नाही. कुरकुरला, पण गेला. ज्या देशात आपण जातो तिथल्या लोकांनाही जीव आहे की.

चाटीगल्ली:
पीतज्वर पुढं करून कोविडचं झाकू नका. पिवळं कार्ड एकदा घेतलं की २०१६ पासून जन्मभर चालतं, आणि सगळ्या देशांना एकच नियम. कोविडात काय झालं? कोव्हिशील्ड पुण्यात बनलेली, मूळ लस ऑक्सफर्डचीच. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटननं सांगितलं की भारतात दोन डोस घेतलेला माणूस लस न घेतल्यासारखाच धरू, दहा दिवस कोंडून घ्या. ओरड झाल्यावर लसीचं नाव यादीत घातलं, पण आपल्या प्रमाणपत्राला मान्यता नाही. शेवटी ४ ऑक्टोबरपासून आपण त्यांच्या लोकांना दहा दिवस बसवायला लागलो, तेव्हा कुठं ११ तारखेपासून आपली माणसं सुटली. आठवड्यात लस बदलली का विषाणू बदलला? वट दाखवली तेव्हा सुटलो. कालच्या भाऊंचं हेच म्हणणं होतं.

अशोकचौक:
नावाचा घोळ कुणी बोलतच नाही. आमच्या तेलुगू घरांत आडनाव आधी. आधारवर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, मधे वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही. लसीचं प्रमाणपत्र आधारवरून छापलं आणि विमानाचं तिकीट पासपोर्टवरून. त्यात सुरुवातीला पूर्ण जन्मतारीखही नव्हती, ती ब्रिटनच्या वादानंतर आली. भावजयीची निम्मी सुट्टी कागद जुळवण्यात गेली. लस घेऊनही दाखला खोटा ठरतो, त्याचं काय?

वळसंगकर:
नावाचं दुरुस्त होतं हो. माझ्या पुतण्याचं दुरुस्त झालं नाही. केंद्रावर त्या दिवशी कोव्हॅक्सिन होती, तीच टोचली. निवडायला होतंच काय? रांगेत पहाटेपासून उभा. पुढं आखातातल्या नोकरीचं पत्र आलं, तर ही लस चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं कोव्हॅक्सिनला मान्यता दिली ३ नोव्हेंबर २०२१ ला. तोवर त्याची जागा दुसऱ्याला गेली. आता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याच्यापुढं येऊन सांगा, बिघडलं कुठं म्हणून.

वॉर्डातली_सिस्टर:
पुतण्याचं वाईट वाटलं काका, मनापासून. पण एप्रिल २०२१ मध्ये मी वॉर्डात होते. ऑक्सिजनचा काटा खाली येताना बघत नातेवाइकांना काय सांगायचं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. पुढच्या लाटेत लस घेतलेले आले, बहुतेक चालत घरी गेले. म्हणून "ज्याचं त्यानं ठरवावं" हे वाचलं की संताप येतो.

चाटीगल्ली:
सिस्टर, तुमच्या कामापुढं हात जोडतो. पण हे लस घ्यायचं कारण झालं, विमानतळावर कागद मागायचं नाही. लस घेणाऱ्याचा जीव वाचवते हे मान्य. ओमायक्रॉन तर दोन-दोन डोसवाल्यांनीही विमानातून नेला की.

पंढरीचा:
आपल्या जिल्ह्याचं विसरलात. माझी आजी वारीला जायची तेव्हा वेशीवर कॉलऱ्याची सुई. टोचल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय पुढं सोडत नसत. दंड सुजायचा, ताप यायचा, तरी बायका अभंग म्हणत चालायच्या. गुलामगिरी कुणी म्हटलं नाही.

चाटीगल्ली:
वारकऱ्यांना यात ओढू नका. कितीजण शेतातून, नदीपात्रातून आडवाटेनं जायचे तेही आजीला विचारायचं होतं.

पंढरीचा:
माझ्या आजीबद्दल नीट बोलायचं.

सातरस्ता_पोरगा:
का बे, आजीला कोण काय बोललं? आणि वारीचं म्हणता तर २०२० आणि २०२१ ला आषाढीच्या पालख्या एसटीनं नेल्या, वारी बंद, तेव्हा कुठल्या लसीनं वाचवलं? माझ्या मामाचं पंढरपुरात बुक्का-चुरमुऱ्याचं दुकान. दोन आषाढ्या गेल्या त्या गेल्याच. कर्ज अजून फिटतंय.

पंढरीचा:
वारी भरली असती तर मामाच्या दुकानात गिऱ्हाईक यायच्या आधी रोग आला असता. लाखो माणसं एका वाळवंटात उतरतात.

सातरस्ता_पोरगा:
मग लस आल्यावर दोन डोसवाल्यांना तरी सोडायचं होतं! तेव्हा कुठं गेली चिठ्ठी?

निवृत्त_मास्तर:
भांडण थांबवा आणि कॉलऱ्याचाच मुद्दा पुढं न्या, त्यात उत्तर आहे. परदेशी जायलाही कॉलऱ्याचा दाखला लागायचा. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं ती अट काढली, कारण त्या काळची सुई रोग एका देशातून दुसऱ्यात जाणं थांबवत नव्हती. म्हणजे दाखला कधी मागायचा? लस पसरणं थांबवत असेल तेव्हा. पीतज्वराची थांबवते. कोविडची किती थांबवते ते ठाऊक नव्हतं आणि लसही सगळ्यांना पुरत नव्हती, म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये आरोग्य संघटनेनंच दाखल्याची अट घालू नका असं सांगितलं होतं. देशांनी ऐकलं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला तेच वेगळ्या अंगानं सांगितलं: लसीची सक्ती करता येणार नाही, सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात हवेत.

होटगीरोडकर:
१९७३ चं मान्य, मास्तर, नाइलाजानं. पण साथ नवी असते तेव्हा लस पसरणं थांबवते का हे कळायला वर्ष जातं. तोवर सीमा उघड्या टाकायच्या? मी दाखल्याच्याच बाजूनं. एवढं बदलीन, की दाखला नसेल तर पिवळ्या कार्डासारखा वेगळं राहायचा पर्याय ठेवावा, परत पाठवू नये.

वॉर्डातली_सिस्टर:
आणि तो पर्याय ज्याला परवडत नाही त्याच्या खोलीचं भाडं कोण भरणार, तेही लिहा.

वळसंगकर:
भाड्याचं नंतर. कुठली लस कुठं चालते ती यादी टोचायच्या आधी केंद्राच्या दारावर लावा. पुतण्याला ती दिसली असती तर तो दुसऱ्या केंद्रावर गेला असता. एवढं जो मानेल त्याच्याशी पुढचं बोलतो.