खराडी की कोथरूड: परिसर सुरक्षित आहे का, हे कशावरून ठरवावे?

प्रश्न
नोकरीनिमित्त आम्ही साताऱ्याहून पुण्यात येत असून खराडी आणि कोथरूड येथे भाड्याची घरे पाहिली आहेत. मला कामावरून परतायला रात्रीचे दहा वाजतील. घरी सासूबाई आणि शाळकरी मुलगी असतील. कोयते घेऊन दहशत माजवल्याच्या व रस्त्यावरील गाड्या फोडल्याच्या बातम्या वाचून मन साशंक होते. दोन्ही पोलीस ठाण्यांतील गुन्ह्यांचे आकडे पाहून निर्णय घेणे योग्य ठरेल काय?

प्रतिसाद १
केवळ आकड्यांवरून ठरवू नये. खराडी पूर्वी चंदननगर ठाण्याच्या हद्दीत होती. २०२४ मध्ये शहरासाठी जी सात नवी ठाणी मंजूर झाली, त्यांत खराडीचेही होते. हद्दच बदलल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात तर आकडे संपूर्ण शहराचे असतात, आणि त्यात एका प्रथम खबर अहवालात (एफआयआरमध्ये) अनेक गुन्हे असले तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. शिवाय पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये पुण्यापासून वेगळे झाले, ही बाब जुन्या आकड्यांशी तुलना करणारे हमखास विसरतात.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, तथापि आकडे सोडून प्रत्यक्ष तक्रारी वाचाव्यात असे सुचवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानुसार, लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबर अहवाल संकेतस्थळावर टाकणे पोलिसांना बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ते ठाण्यानुसार व तारखेनुसार शोधता येतात. घटनास्थळ आणि वेळ पाहावी: दिवसा बंद घराचे कुलूप तोडून झालेली घरफोडी, सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठ महिलेची सोनसाखळी हिसकावणे आणि ओळखीच्यांमधील मारामारी या तीन गोष्टी एकाच बेरजेत आल्या, तरी आपल्या कुटुंबासाठी त्यांचा अर्थ निराळा आहे. सासूबाई पहाटे फिरायला जात असतील, तर दुसरा प्रकार अधिक बारकाईने पाहावा.

मात्र चोरीला गेलेला मोबाइल पुष्कळदा ‘गहाळ’ म्हणून नोंदवला जातो, कारण नवा सिमकार्ड घेण्यापुरता तो दाखला पुरतो आणि तक्रारदारालाही ठाण्यात ताटकळायचे नसते. गहाळ वस्तूची नोंद गुन्ह्यांत धरली जात नाही. म्हणून ज्या ठाण्यात तक्रार तत्परतेने दाखल होते, तिथले आकडे फुगलेले दिसणे अगदी शक्य आहे, आणि कमी आकडे पाहून निश्चिंत होण्याचे कारण नाही.

प्रतिसाद ३
कागद वाचून झाले की रात्री दहाच्या सुमारास बसथांब्यापासून इमारतीपर्यंत एकदा चालून पाहावे. पथदिवे चालू आहेत काय, दुकाने किती वाजता मिटतात, अर्धवट बांधकामाजवळून जावे लागते काय, हे दलाल सांगणार नाही (त्याला दोन्ही घरे सारखीच ‘शांत’ वाटतात). जवळच्या औषध दुकानदाराला विचारल्यास गाड्या फोडण्याचे प्रकार कोणत्या गल्लीत झाले ते नेमके कळते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. खराडीची इमारत मुख्य रस्त्यापासून बरीच आत आहे आणि वाटेत मोकळा भूखंड लागतो. तेवढ्या अंतरासाठी रोज रिक्षा करावी लागेल असे दिसते.

प्रतिसाद ३
मग तो खर्च भाड्यात धरूनच दोन्ही घरांची तुलना करावी. घर कोणतेही घेतले, तरी मालकाकडून पोलिसांकडील भाडेकरू नोंदणी करून घ्यावी आणि सासूबाईंच्या फोनमध्ये ११२ हा क्रमांक जतन करून ठेवावा.