मदत हवी आहे: थायलंडला जाणाऱ्या ग्रुपला नेमक्या सूचना काय द्याव्यात?

विदर्भवासी: नागपूरहून 24 जणांचा ग्रुप बँकॉक, अयुथया आणि पटायाला जातोय. आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे आहेत. टूरवाल्यांच्या कागदावर फक्त विमानाच्या वेळा आहेत. आपल्यामुळे तिथल्या लोकांचा, त्यांच्या विहारांचा अपमान होऊ नये, म्हणून व्हॉट्सॲपवर टाकायला एक पान तयार करायचंय. नुसतं ‘शिस्त पाळा’ म्हटलं की कुणी ऐकत नाही, कारणासकट सांगा.

धरमपेठकर: सुरुवात कपड्यांपासून करा. बँकॉकच्या ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या दारातूनच लोक परत पाठवले जातात. हाफपँट, बिनबाह्यांचा टॉप, फाटकी जीन्स, घट्ट लेगिंग चालत नाही. वरून ओढणी घेऊ म्हणाल तर तीही पुरत नाही, खांदे झाकणारा शिवलेला कपडाच हवा. त्या दिवशी सलवार-कुर्ता किंवा फुलपँट-शर्ट ठरवून टाका. चपला लगेच निघतील अशा घाला, कारण प्रत्येक विहारात त्या काढाव्या लागतात. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून जा. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात फोटो काढायला बंदी आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपात आपण जसे हळू बोलतो, तसंच तिथे बोला.

बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत, मागे दुमडून घ्यायचे. पाय हा तिथे शरीराचा सर्वांत हीन भाग आणि डोकं सर्वांत पवित्र. म्हणून कुणाच्या गोंडस पोराच्या डोक्यावरून हात फिरवणंही टाळा. आपल्याकडच्या आज्यांना हे आवर्जून सांगा, त्यांचा हात प्रेमाने आपसूक जातो.

अभ्यासू_प्रवासी: अयुथयाला वाट महाथात (‘वाट’ म्हणजे विहार) इथे झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना त्याच्यापेक्षा आपलं डोकं खाली हवं, म्हणून खाली बसूनच काढायचा. तिथे बिनमस्तकाच्या मूर्ती पुष्कळ आहेत. त्यांच्यामागे उभं राहून आपला चेहरा लावणं हा सरळ अपमान आहे. पडक्या भिंतींवरही चढायचं नाही.

बायकांनी भंतेजींना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, स्पर्श करू नये, वस्तू थेट हातात देऊ नये. भंतेजी कापड पसरतात, त्यावर ठेवावी.

राजघराण्याबद्दल गंमतीतही बोलू नका. तिथल्या दंडसंहितेच्या कलम 112 खाली राजघराण्याच्या अपमानाला 3 ते 15 वर्षं तुरुंगवास आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं, म्हणून खाली पडलेली नोट पायाने अडवू नका. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला स्टेशनांत, बागांत राष्ट्रगीत लागतं, तेव्हा जिथे असाल तिथे थांबा.

विदर्भवासी: धन्यवाद भाऊ. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारे तिघं-चौघं आहेत, आणि हॉटेलचं काय?

धरमपेठकर: खर्रा इथेच ठेवून जा. रस्त्यावर थुंकलं तर दंड होतो. ई-सिगारेटवर तर पूर्ण बंदी आहे, बॅगेतही नको.

हॉटेलात तक्रारी येतात त्या मुख्यतः रात्रीच्या गलक्याच्या: खोल्यांची दारं उघडी ठेवून कॉरिडॉरभर हाका मारणं. नाश्त्याचं बुफे डब्यात भरायचं नाही. स्विमिंग पूलमध्ये सुती कपडे घालून उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख न्या.

पटायात न विचारता बायकांचे व्हिडिओ काढणं हा सगळ्यात लाजिरवाणा प्रकार. हा मुद्दा पुरुषांना ग्रुपवर नाही, समोर बसवून स्पष्ट सांगा.

अभ्यासू_प्रवासी: बाजारात घासाघीस चालते, पण हसून. आवाज चढवला की विक्रेता बोलणंच बंद करतो, कारण चारचौघांत त्याची मानहानी होते. भाव ठरल्यावर पाठ फिरवू नका. आणि बुद्धमूर्ती घ्यायची असेल, तर देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो. तो दुकानदारालाच काढून द्यायला सांगा, पैसे त्यानंतर द्या.