मदत हवी आहे: कवचं विरघळलीत की माझ्याच हातून फुटलीत?

नमस्कार मंडळी. समुद्रतळाच्या गाळाचा एक कोअर (नळीने काढलेला उभा नमुना) तपासतेय. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला, वाळवला, आता १५० मायक्रॉनच्या वरचे फोरॅमिनिफेरा, म्हणजे एकपेशीय समुद्री जीवांची चुन्याची सूक्ष्म कवचं, ओल्या ब्रशने एकेक वेचतेय. वरच्या थरांत उबदार पाण्यातला नाजूक ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर (त्यांचीच एक जात) भरपूर सापडतो; खाली, म्हणजे जुन्या थरांत मात्र जाड कवचाचेच तेवढे उरलेत, बाकी नुसता चुरा. आधी वाटलं, त्या काळी पाणी थंड असणार. पण मग एवढा चुरा कशाचा? कवचं विरघळली असतील तर त्यांतलं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तरही घटतं; त्यावरूनच तेव्हाच्या पाण्याचं तापमान काढतात, म्हणजे तापमान उगाचच कमी दिसणार. (धुताना पाण्याचा जोर जरा जास्तच होता, हेही कबूल.) तुकडे मोजतेच आहे, पण विरघळणं आणि फुटणं यांतला फरक मायक्रोस्कोपखाली कवचाच्या पृष्ठभागावरून ओळखता येतो का? नेमकं काय बघू?