मदत हवी आहे: बहिणीच्या खाण्याचं काहीतरी बिनसलंय, कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. धाकटी बहीण लातूरला नीटच्या तयारीला आहे, वय १७. सुट्टीत घरी आली तर गालफडं बसलेली. आई म्हणते अभ्यासाचं टेन्शन. मला नाही पटत.

चतकोर भाकरीचे बारीक तुकडे करत बसते, भाजीवरची तर्री चमच्याने बाजूला काढते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास धरलेत, पण साबुदाण्याला हात लावत नाही. (आजीला कौतुक, पोर देवाधर्माची झाली म्हणून!) एखाद्या दिवशी मात्र डब्यातले लाडू गायब होतात, मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडते. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडलेत. परभणीच्या उन्हाळ्यात हिला थंडी वाजते. पाळीही चुकतेय.

बोटं घशात घालून उलट्या काढल्या की असे घट्टे पडतात, आणि वारंवार उलट्यांनी पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, एवढं वाचलंय. म्हणून रक्त तपासणी आणि ईसीजी आधी करतेय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही बोलणार आहे.

नांदेड किंवा संभाजीनगरला असे पेशंट बघणारे मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? सोबत आहारतज्ज्ञ असतील तर उत्तम. आणि तिच्याशी विषय काढायचा कसा? वजनाचं नाव काढलं की ताटावरून उठते. ‘चार घास जास्त खायला घाला’ हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतोय.