तुम्हाला कॉफीची चव कधी कळली? नागपूरकरांनो, लिहा

आमच्या घरी कॉफी पाहुण्यांसाठी व्हायची. आई कपात साखर आणि इन्स्टंट पावडर घेऊन चमचाभर पाण्यात पांढरी होईस्तोवर फेटायची. थंडीतल्या लग्नांत मशीनची कॉफी असायची, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली, आणि मी त्या रांगेत दोनदा उभा राहायचो. ती कॉफी मला आजही आवडते.

तीन वर्षांपूर्वी धरमपेठेत एका मित्राने त्याच्या घरी व्ही ६० वर, म्हणजे कागदी फिल्टर लावलेल्या शंकूवर, कॉफी करून दिली. चिकमगळूरची अरेबिका जातीची, गर धुऊन वाळवलेली (वॉश्ड) कॉफी, दूध नाही, साखर नाही. पहिला घोट आंबट आणि पातळ लागला. तेवढ्यात फोन आला, कप पाच-सात मिनिटं तसाच राहिला. परत येऊन कोमट झालेला घोट घेतला आणि थांबलोच. संत्र्याची साल नखाने सोलताना जो बारीक फवारा उडतो ना, तो वास! आंबिया बहाराची संत्री सोलत मोठ्या झालेल्या माणसाला तो वास कोणी शिकवावा लागत नाही. पाकीट नंतर पाहिलं, तर त्यावर 'सिट्रस' लिहिलेलंच होतं.

स्पेशालिटी कॉफी म्हणजे जाणकारांनी चाखून १०० पैकी ८० किंवा जास्त गुण दिलेली कॉफी, अशी रूढ व्याख्या आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मळा कुठला, बी कशी वाळवली आणि भाजली कधी, हे जिच्याबद्दल सांगता येतं ती. तुमचा तो पहिला कप कोणता? फसलेले प्रयोगही लिहा, आम्हाला त्यांचा जास्त उपयोग होईल.

अजनी

माझं बालपण रेल्वे क्वार्टरमधलं. शेजारच्या तमिळ मामी पहाटे पितळी फिल्टरमध्ये पावडर भरायच्या, वरून छिद्रांची चकती हलकेच दाबायच्या आणि उकळतं पाणी ओतून झाकण लावायच्या. खाली थेंब पडायचा आवाज मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्यांच्या मिश्रणात पीबेरी, म्हणजे फळात एकच गोल बी धरलेली कॉफी, असायची आणि थोडी चिकोरी, एका मुळाची भाजून केलेली पूड. चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून डिकॉक्शन दाट उतरतं, हे त्यांनीच मला सांगितलं.

मामी बदली होऊन गेल्या, जाताना तो फिल्टर मला दिला. गेल्या वर्षी मी त्यात महागाची लाइट रोस्ट, म्हणजे हलकी भाजलेली, घातली आणि पार निराश झाले. दुधात ती कुठे गेली कळलंच नाही. आता कूर्गची मीडियम-डार्क घेते, बिनचिकोरीची, आणि जरा बारीक दळून आणते. आमच्याकडे 'स्पेशालिटी' म्हटलं की लोक काळ्या कॉफीचंच बोलतात, ते मला पटत नाही. चांगली बी दुधातही लपत नाही, फक्त भाजणी जुळली पाहिजे.

मनीषनगर

मी पाण्याबद्दल लिहितो, कारण माझं अख्खं वर्ष त्यात गेलं. कॅफेत जी कॉफी प्यायचो तेच बीन्स घरी आणायचो. वजनकाट्यावर १५ ग्रॅम मोजायचो, २४० ग्रॅम पाणी, आधी थोडं ओतून ३०-४० सेकंद फुलू द्यायचो, सगळं अगदी तसंच. तरी कप मातकट, खडूसारखा. मी ग्राइंडर बदलला. महागातला घेतला. काही फरक नाही.

एक दिवस केटल घासताना तळाचा पांढरा थर खरवडला आणि डोक्यात प्रकाश पडला. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं. जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात. मग आरओचं वापरलं, तर कॉफी पोकळ लागायला लागली, कारण चव उतरवून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतातही. शेवटी बहिणीकडून, तिच्याकडे पेंचचं नळाचं पाणी येतं, कॅन भरून आणलं आणि आरओमध्ये मिसळत गेलो. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, १५० च्या आसपास आलं तेव्हा तो कॅफेवाला कप माझ्या घरात झाला. बायकोला झोपेतून उठवून पाजला. भाऊ, ग्राइंडरआधी पाणी बघा.

गोकुळपेठ

एक हिशेब. पाव किलोचं पाकीट ₹६०० ला. कपाला १५ ग्रॅम धरली तर १६ कप, म्हणजे कपाला साधारण ₹३८. घरात सगळ्यांनी मला उधळी ठरवलं होतं, हा हिशेब फ्रिजवर चिकटवल्यापासून कोणी बोलत नाही.

सक्करदरा

नवतपात गरम कॉफी कोण पिणार? बाहेर ४५, कूलरसमोरून हलवत नाही. मी कोल्ड ब्रू लावते. ८० ग्रॅम जाडी दळलेली कॉफी, एक लिटर पाणी, काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये १६ तास. मग मलमलच्या फडक्यातून गाळायची, पिळायची मात्र नाही, गाळ उतरतो.

चूक पण सांगते. उन्हाने बीन्स खराब होतील म्हणून पाकीट उघडंच फ्रिजमध्ये ठेवलं, शेजारी सावजी मसाल्याचा डबा. कॉफी आजूबाजूचा वास इतक्या पटकन ओढते हे मला माहीत नव्हतं. चार दिवसांनी कपात दगडफूल आणि काळी मिरी! सासूबाई म्हणाल्या, "काय पिऊन राहिली बाई, रस्सा का कॉफी?" सगळं पाकीट झाडांना घातलं. आता हवाबंद डबा, अंधारं कपाट, आणि उन्हाळ्यात १०० ग्रॅमच्या वर आणत नाही.

त्रिमूर्तीनगर, निवृत्त शिक्षक

मी कॉफीकडे झाडापासून आलो. डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलो होतो. आपल्या विदर्भात कॉफी होते हे मी मुलांना भूगोलात वर्षानुवर्षं शिकवलं, पण झाड कधी हातात घेतलं नव्हतं. मोठ्या झाडांच्या सावलीत ती झुडपं, फांदीला चिकटून लाल फळांचे झुपके. तिथल्या माळीदादांनी एक फळ दिलं. दाबलं तर दोन बिया बुळबुळीत बाहेर आल्या. साल चावून पाहिली, गोडसर. कॉफीचं फळ गोड असतं हे मला वयाच्या ६३ व्या वर्षी कळलं.

पाकिटावरचे 'वॉश्ड' आणि 'नॅचरल' हे शब्द त्या बुळबुळीत बीमुळे समजले. तो गर धुऊन काढला तर वॉश्ड, अख्खं फळ तसंच उन्हात वाळवलं तर नॅचरल. आता दोन्हीचे वेगवेगळे कप एकाच वेळी करून शेजारी शेजारी पितो. इतर कुणाला सुरुवात करायची असेल तर हाच प्रयोग करावा, एकेकटा कप पिऊन फरक लक्षात येत नाही.

महाल

वरच्या सरांचं वाचून लिहावंसं वाटलं. बाबांना शुगर निघाली तेव्हा त्यांचा चहा बंद झाला, म्हणजे गोड चहा. बिनसाखरेचा ते दोन घोट घेऊन बाजूला ठेवत. सहा महिने त्यांची संध्याकाळ अशीच सुनी गेली, टीव्हीसमोर नुसते बसून राहायचे.

मी अराकूची नॅचरल आणली होती. पूर्व घाटात आदिवासी शेतकरी पिकवतात ती. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबायच्या भांड्यात, चार मिनिटं ठेवली, छोट्या कपात ओतली आणि काही न सांगता त्यांच्यासमोर ठेवली. ते वास घेत राहिले. मग एक घोट, मग दुसरा. कप खाली ठेवून मला म्हणाले, "खरं सांग, यात गूळ टाकला ना तू?"

डॉक्टरांना विचारून आता रोज एक कप. पाच वाजले की स्वतःच प्रेस काढून ठेवतात.